प्रमिलाची काळी चार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. आई जाईपर्यंत तिच्या उशाशी बसून होतो, तेव्हा तिलाही नाही. मी दारू पीत नाही, नाहीतर कधीतरी नशेत बोलून गेलो असतो — तीही सोय नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. मधेच थांबलो तर थांबू द्या. पुन्हा सुरू करीन.

मशीनपासून सुरू करतो. मशीनचं बोलणं मला सोपं जातं.

दवनीवाड्याला माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. धानाला पाणी देणाऱ्या मोटरी जळतात, मी तांब्याची तार नव्याने भरून देतो. पण नव्व्याण्णव साली माझ्या डोक्यात वेगळंच भूत बसलं होतं. रायपूरची एक ऑर्केस्ट्रा पार्टी फुटली आणि त्यांचा जुना जपानी सिंथेसायझर मी घेऊन आलो. तेव्हाच तो बारा-तेरा वर्षांचा म्हातारा होता. एकसष्ट पट्ट्या, दोन ओळींचा हिरवा पडदा, आणि वजन असं की गोंदिया स्टेशनावर हमालाने मला आणि त्याला, दोघांनाही शिव्या दिल्या. गावात कुणी त्याला बाजा म्हणे, कुणी पियानो. मी मशीन म्हणतो.

अशा मशीनच्या आत तुम्ही कधी शिरला आहात का? वरचं बटण दाबून आवाज काढणं कुणालाही जमतं. आत जायचं तर त्या दोन ओळींच्या पडद्यावर पानामागून पान उलटावं लागतं, एका वेळी एक आकडा. मी सहा-सात महिने तेवढंच केलं. दुकानात वार्निश लावलेली मोटर वाळत ठेवायची आणि घरी येऊन आकडे फिरवत बसायचं. एका आवाजावर तसाच दुसरा आवाज ठेवायचा, आणि दुसऱ्याला जरासा सरकवायचा. दोन सुरांच्या मध्ये मशीन शंभर पायऱ्या मानते. त्यातल्या पाच-सात पायऱ्या सरकवलं की आवाज भरदार होतो, एका गळ्याचे चार गळे वाटतात. ऐकणाऱ्याला सूर हलल्याचं कळत नाही. काहीतरी झालं एवढं वाटतं, काय झालं ते सांगता येत नाही.

हे लक्षात असू द्या. पाच पायऱ्या कानाला कळत नाहीत. माझी सगळी कला त्यावरच उभी होती — आणि कला म्हणू नये अशी एक गोष्टही.

प्रमिला माझी बायको. तिचं माहेर चोरखमाऱ्याच्या तलावाकडचं. लग्नाआधी गावच्या भजनमंडळात गायची. लग्नात ती बोहल्यावर खाली मान घालून बसली होती, तेव्हा मला वाटलं, मुकी आहे का काय! आठ दिवसांनी अंगण सारवताना गुणगुणली आणि मी चहाचा कप हातात घेऊन तसाच उभा राहिलो. चहा थंड झाला. असा गळा मी समोर कधी ऐकला नव्हता. वर जाताना बारीक नाही व्हायचा, उलट मोकळा व्हायचा.

गाणाऱ्याची पट्टी म्हणजे त्याचा सा कुठे धरायचा ते. प्रमिलाची पट्टी काळी चार. वाद्यावरची ती चौथी काळी पट्टी सा धरली की ती वरच्या सुरांवर घरात फिरल्यासारखी फिरायची. मी तिच्यासाठी एक खास आवाज बसवला. ती स्वयंपाक करता करता एक ओळ म्हणे, मी मशीनवर तिच्या खालचा सूर शोधे — ती पंचमावर असली की मशीन गंधारावर, ती वर गेली की मशीन तिच्या मागे दोन पावलं. खाली बायकांच्या कोरसचा हुंकार, त्यावर हॉलसारखा घुमारा. ताडपत्रीच्या मांडवात ती गायला लागली की वाटे, मोठ्या दगडी सभागृहात चौघी बहिणी गाऊन राहिल्या आहेत. त्या आवाजाला मशीनमध्ये नाव द्यावं लागतं. मी ‘प्रमिला’ असं नाव दिलं. पडद्यावर स्वतःचं नाव पाहून ती इतकी लाजली की पदर तोंडाला लावून आत पळाली.

ती दोन वर्षं सुखाची होती. खोटं नाही सांगत. आमची छोटी पार्टी होती — ती, मी आणि ढोलकीवर रामाजी, माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, दिवसा दंडारीचे, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचे, खेळ आणि गाण्याचे कार्यक्रम होतात. मंडईचा हंगाम म्हणजे आमची सुगी. लोक येत प्रमिलाला ऐकायला. हे मला माहीत होतं, आणि चालतही होतं. निदान चालतं असं मला वाटत होतं.

मग सौंदडच्या मंडईत तो माणूस आला.

नागपूरचा होता, भजनांच्या कॅसेटी काढणारा. कार्यक्रम झाल्यावर स्टेजमागे आला, सरळ प्रमिलाशी बोलला. म्हणाला, ताई, तुमचा आवाज पाहिजे, हंगाम संपला की नागपूरला या, आठ गाणी रेकॉर्ड करू. मी मशीनची वायर गुंडाळत बाजूलाच उभा होतो. मी म्हणालो, मशीन न्यायला गाडी लागेल. त्याने माझ्याकडे पाहिलं — चांगल्या नजरेने पाहिलं, त्याचा काही दोष नाही — आणि म्हणाला, “नाही नाही भाऊ, वाजवणारे आहेत आमच्याकडे.”

प्रमिला फक्त हसली. त्या माणसाकडे पाहून, आनंदाने. आठ गाण्यांचं कोणी विचारलं तर माणूस हसेल नाहीतर काय करेल? पण ते हसू मी घरापर्यंत आणलं. तिने म्हणायला पाहिजे होतं, की हा आवाज यांनी बसवला आहे, यांच्याशिवाय मी येत नाही. तिने म्हणायला पाहिजे होतं! असं मी स्वतःला किती दिवस सांगत राहिलो.

घरी आल्यावर तिने विचारलं, “मी जाऊ का जी?” मी म्हणालो, जा ना, तुला कोण अडवून राहिलं. असंच म्हणालो, मोठ्या मनाने. नाही म्हणालो असतो तर ती रडली असती, भांडली असती, आणि बहुतेक तिने ऐकलंही असतं. पण मग मी बायकोला अडवणारा नवरा झालो असतो. मला तसं व्हायचं नव्हतं. मला चांगलंही राहायचं होतं.

पुढच्या कार्यक्रमाच्या आधी, मांडव रिकामा असताना, मी मशीनचं ते पान उघडलं जिथे सगळ्या वाद्याचा सूर एकदम वर-खाली करता येतो. आकडा शून्य होता. मी पाच केला. आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, मधेच गेली तर केलेलं पुसून जातं, म्हणून ते मशीनमध्ये कायमचं लिहून ठेवावं लागतं. लिहायचं बटण दाबलं की मशीन पडद्यावर विचारते — ‘आर यू शुअर?’ मी ‘येस’ दाबलं.

पुढच्या गावी दहा. त्याच्या पुढच्या गावी पंधरा.

आता तुम्हाला कळलं असेल. तरी मला पूर्ण सांगू द्या, अर्धवट सांगितलं तर मी पुन्हा त्यातून सुटून जाईन. गाणारी मशीनचा सा धरते; मशीन चढली की तिलाही तेवढंच वर गावं लागतं.

पन्नासाच्या वर तो आकडा जात नाही. मशीनची हद्द तेवढीच. तिथे मी थांबू शकत होतो. दोन दिवस थांबलोही. मग माझ्या डोक्यात आलं, की पूर्ण वाद्य एक सूर वर चढवायचं आणि बारीक आकडा, तो पायऱ्यांचा, उणे पन्नासावर न्यायचा. ऐकायला काहीच फरक नाही, पण पुन्हा चढायला शंभर पायऱ्या मोकळ्या. याला हिशेब लागतो हो. रागात माणूस ताट फेकतो, शिवी देतो. मी दुकानात कॉईलचे वेढे मोजता मोजता हे शोधून काढलं. एकदा केलं असतं तर राग म्हणता आलं असतं. तीस वेळा केलं. तीस गावं. दर वेळी मशीनने विचारलं, खात्री आहे का, आणि दर वेळी मी हो म्हणालो.

आमच्यात दुसरं सुराचं वाद्य नव्हतं. पेटी मीच बंद करवली होती, मशीन आल्यावर. म्हणून कुणाला कळायचं कारण नव्हतं — फक्त ढोलकी सोडून. रामाजी दर कार्यक्रमाआधी माझ्या सा-ला ढोलकी मिळवायचा. एके दिवशी पाना हातात घेऊन म्हणाला, “हिवाळ्यात चामडं आपोआप चढते बे. मले रोज पाना काऊन लावा लागून राहिला? तुही मशीन तं चढून नाही ना राहिली?” मी हसलो. म्हणालो, काका, मशीन कधी चढते का, तुमचे कान म्हातारे झाले. त्याने पाना फिरवला. त्यानंतर ढोलकी मिळवताना तो मला विचारायचा, “लागली का रे?” चाळीस वर्षं ढोलकी वाजवलेला माणूस! तो आता नाही. जाईपर्यंत स्वतःच्या कानाला म्हातारा समजत होता.

आणि प्रमिला. ती आधी गुळण्या करायला लागली. मग ज्येष्ठमध तोंडात धरायला लागली. मग अंतऱ्यातल्या वरच्या जागा सोडायला लागली, एक-एक करून. कुणाला कळू नये अशा बेताने सोडायची, पण मला कळायचं ना, मीच तर त्या जागांच्या खाली सूर भरून ठेवले होते. ती तिथे आली नाही की मशीनचा खालचा सूर एकटाच वाजून जायचा. एकदा तिने मला विचारलं, “पट्टी जास्त तं नाही ना जी आज?” मी तिचा हात धरून मशीनजवळ नेलं, चौथ्या काळीवर बोट ठेवलं. तिने वाकून पाहिलं. बोट काळी चारवरच होतं. खोटं बोलायला मला तोंडसुद्धा लागलं नाही.

तिच्या माहेरची मंडई उशिरा असते, धान चुरून, मळणी आटोपल्यावर. त्या दिवशी मशीन दीड सुराने वर होती. म्हणजे काळी चार म्हणता म्हणता तिचा सा पांढरी सहाच्याही पुढे गेला होता. भर दुपार, समोर तिचे वडील पहिल्या ओळीत, भाऊ, भावजया, लहानपणीच्या मैत्रिणी कडेवर पोरं घेऊन. ज्या भजनाने ती गावात ओळखली जायची तेच तिने घेतलं. ते भजन वर गेल्याशिवाय होतच नाही. वरची जागा आली. तिने डोळे मिटले आणि गेली —

आवाज फाटला.

साधा नाही फाटला. कापड फाटावं तसा मधून गेला. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. ती थांबली, पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने घेतलं नाही. माइक खाली ठेवला आणि वडिलांकडे पाहिलं. मी? मी वाजवत राहिलो. खालचा सूर, कोरस, घुमारा, सगळं. ती नसताना ‘प्रमिला’ वाजत राहिली. मला थांबायचं सुचलं नाही.

घरी येताना गळ्यावर हात ठेवून एवढंच म्हणाली, “माहा गरा गेला जी.”

तेव्हा तरी सांगायला काय झालं होतं? रामाजी मंडईतच थांबला होता, गाडीत दोघंच होतो. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यानंतर काय, हे मला दिसत होतं. ते मला नको होतं. मी म्हणालो, थंडी आहे, होईल बरा.

नागपूरला तिने एसटीडी बूथवरून स्वतः फोन केला, की येत नाही, गळा साथ देत नाही. मी बाहेर बाकावर बसून होतो. काचेतून तिचे ओठ दिसत होते. मी तिला गोंदियाला घशाच्या डॉक्टरकडेही नेलं — हो, मीच नेलं! डॉक्टरांनी नीट तपासलं आणि म्हणाले, गळ्यात काही नाही, सगळं चांगलं आहे. तिला ते पटलं नाही. ती म्हणाली, बिमारी दिसत नाही म्हणजे मुळातच गेला असंल. परतीच्या बसमध्ये तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. तुमी हाव म्हणून बरं आहे, म्हणाली. तिची बिमारी मशीनच्या एका पानावर लिहिलेली होती आणि औषध माझ्या बोटात होतं. मी खिडकीतून बाहेर पाहत राहिलो.

त्यानंतर ती गायली नाही. कार्यक्रमात तर नाहीच. घरातही नाही, अंगण सारवताना नाही, पुढे मुलगी झाली, तिला झोपवतानाही नाही. पोरीला ती थोपटायची फक्त. मी मशीन चादरीत गुंडाळून फळीवर टाकली. तिच्याशिवाय वाजवून कुणाला ऐकवू? घर इतकं शांत झालं की मला दुकानातून यायला नको वाटे. दुकानात निदान मोटरींची घरघर असते. आम्ही भांडलो नाही हो कधी. जेवण वाढणं, विचारणं, सगळं नीट. ती मला कधी वाईट बोलली नाही. एका घरात दोन माणसं राहतात आणि एकाला जे माहीत आहे ते दुसऱ्याला नाही, तर ती दोघं सोबत राहतात असं म्हणायचं का? मला वर्षानुवर्षं एकटं वाटलं. तक्रार नाही करत. माझं एकटेपण मी स्वतः बसवलं, आकडा आकडा करून.

हे सगळं इथेच संपलं असतं तर कदाचित मी तुमच्याजवळही बोललो नसतो.

पूनम, आमची मुलगी, पंधरा वर्षांची झाली. गळा आईचा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये गायली आणि तिच्या बाईंनी ठरवलं, हिला गोंदियाला गाणं शिकायला पाठवा. पूनम नाचत घरी आली. प्रमिला म्हणाली, नाही. एरवी कधी नाही न म्हणणारी बाई. म्हणाली, आपल्या रक्तातला गळा टिकत नाही, लोकांसमोर एक दिवस जाते, मग तोंड लपवून राहा लागते. माझी पोर मी त्या जागी उभी करणार नाही. पूनमने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वाचत होतो.

पूनम हट्टी आहे. रविवारी दुपारी तिने फळीवरची मशीन काढली, धूळ पुसली, वायर लावली. इतक्या वर्षांनी ती सुरू झाली! मला वाटलं होतं, आतला सेल मेला असेल आणि लिहिलेलं सगळं पुसून गेलं असेल. नव्हतं गेलं. पूनमने मोबाईलमध्ये सूर दाखवणारं ॲप उघडलं, पट्टी दाबली, पुन्हा दाबली, आणि ओरडली, “बाबा, ही मशीन चढलेली आहे! दीड सुरानं. आई हिच्यासोबत गायची का?”

प्रमिला दारात सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात थांबला.

मी म्हणालो, जुनी आहे, सेल खराब झाला असंल. सेल गेला की अशी मशीन शून्यावर येते, वर चढत नाही. हे त्या घरात एकट्या मला माहीत होतं.

प्रमिला पूनमला म्हणाली, “मशीनले कायले दोष देतेस? तुह्या बाबाची मशीन कधी चुकली नाही. काळी चारच होती, मी माह्या डोळ्यानं पाहिली. माहाच गरा उतरला होता.” मग माझ्याकडे पाहून तिने विचारलं, “हो ना जी?”

मी हो म्हणालो.

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. पूनमने मोबाईल खाली ठेवला.

संध्याकाळी त्या दोघी नळावर गेल्या तेव्हा मी मशीनसमोर बसलो. ते पान उघडलं. चढवलेला सूर खाली आणला, बारीक आकडा शून्य केला. जगात एवढी एकच जागा होती जिथे मी केलेलं लिहून होतं. मशीनने विचारलं, आर यू शुअर? मी येस दाबलं.

पूनम गोंदियाला गेली नाही. आईने नाही म्हटलं आणि बापाने हो म्हटलं नाही, मग ती कशी जाणार? ती आता नर्सिंगला आहे, हुशार आहे. फोनवर खूप बोलते. गात नाही.

प्रमिलाचा गळा गेला नव्हता. मी तिची पट्टी चढवली, रोज थोडी, तिला कळू न देता, आणि मग तिच्या गळ्याला दोष लागू दिला. ती आत्ता आत आहे, कणीक मळते आहे. मशीन फळीवर आहे, बरोबर सुरात आहे. घरात कुणी गात नाही.